यांचं ध्यान आणि लायसनचा फॉर्म

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नेरुळ,
संकष्टीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे सुमेधाचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात उजवा गुडघा वाकत नाही, हे तुम्ही गणपतीत पाहिलंच आहे.)

तुमची कंबर आता कशी आहे? देवरुखच्या वैद्यांनी दिलेला लेप लावता ना? की शेजारणीला देऊन टाकलात? अंगणातल्या फणसाला यंदा कुयऱ्या किती धरल्या, मांजर परत आलं का, सगळं सवडीने कळवा. इकडे आम्ही उभयता देवाच्या कृपेने खुशाल आहोत, असं लिहायला हात सवयीने गेला, पण ते निम्मंच खरं आहे, आणि उरलेलं निम्मं सांगण्यासाठीच हे पत्र. फोन करणार होते. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवता आणि मग माझं बोलणं अर्धी आळी ऐकते. शिवाय तुमच्या भावाचे कान अजून तिखट आहेत (डॉक्टरांनी तपासून तसं लिहूनच दिलंय, तेवढं एकच चांगलं लिहिलंय). म्हणून हे खाली पार्किंगमध्ये गाडी पुसायला गेल्याची संधी साधून लिहायला बसले आहे. कागद आमच्या सुयशच्या शाळेतल्या जुन्या वहीतले कोरे राहिलेले आहेत, तेव्हा समासात कुठे त्रिकोण दिसला तर तो माझा समजू नका.

वन्सं, आधी बसून घ्या. मी अजून बसलेलीच आहे, उठायला झालेलं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

झालं असं की यांच्या लायसनची मुदत संपत आली. साठीनंतर सरकार पाच-पाच वर्षांचंच लायसन देतं आणि दर वेळी डॉक्टरची सही मागतं, की हा मनुष्य गाडी चालवायला धड आहे. मागच्या खेपेला आमचे खालच्या मजल्यावरचे म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी यांना दारातच विचारलं, दिसतंय ना? हे म्हणाले, दिसतंय की. झाली सही. (त्या वेळी दोघांनीही चष्मे काढून टेबलावर ठेवलेले होते, आणि निघताना हे डॉक्टरांचा चष्मा घालून घरी आले, ते वेगळंच.) ते डॉक्टर आता देवाघरी गेले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांची नात बसते, डॉक्टर मैत्री. मुलगी गोड आहे, पण हसत नाही. आजोबा कसे, नाडी धरता धरता भाजीचे भाव विचारायचे. ही कागद वाचते. अगदी शेवटपर्यंत वाचते, वन्सं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आता फॉर्म. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे, कारण मी जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि अक्षर वळणदार. यांचं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, स्टोअरकीपर म्हणून तळोज्याच्या कंपनीत यांनी लिहिलेलं रजिस्टर ऑडिटवाल्यांनी उलटं धरून वाचलं होतं. हे म्हणाले, सगळ्या रकान्यांत 'नाही' लिही आणि खाली सहीला जागा ठेव. पण सगळीकडे 'नाही' कसं लिहिणार? एके ठिकाणी विचारलंय, लाल आणि हिरवा रंग ओळखू येतो काय. तिथे 'नाही' लिहिलं असतं तर सिग्नलचं काय झालं असतं? म्हणजे वाचूनच भरायला हवं. आणि तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. महिला मंडळाच्या जमाखर्चात मी आजवर एक ओळ इकडची तिकडे केलेली नाही, मग सरकारी कागदावर, देवाच्या फोटोखाली बसून, खोटं कुठून लिहू? रातांधळेपणा? नाही. हातपाय? शाबूत. बहिरेपणा? सोयीनुसार, पण 'नाही' लिहिलं. मग आला तो प्रश्न. अपस्मार किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणे, भोवळ येणे, असं काही होतं काय. मी पेन अधांतरी धरून खूप विचार केला. शुद्ध हरपणं वेगळं आणि ध्यान लागणं वेगळं. एक आजार आहे, दुसरी पूर्वपुण्याई. तेव्हा तिथे न कचरता 'नाही' लिहिलं. पण सगळ्यात खाली एक रिकामी ओळ होती, 'अन्य काही असल्यास नमूद करावे'. तिथे मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'ईश्वरकृपेने अधूनमधून ध्यान लागते.' का लिहिलं म्हणून विचाराल, तर वाटलं, कचेरीत वाचणारा मनुष्यच असेल, त्याला बरं वाटेल. कदाचित यांना रांगेत बसायला खुर्चीसुद्धा देतील.

हा शब्द तुमचाच ना, वन्सं. मी तुम्हाला दोष देत नाही, पण आठवण करून देते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे संकष्टीची आरती चालू असताना हे अचानक स्तब्ध झाले. नजर समईवर, ओठ अर्धवट उघडे, हातातली झांज हातात. मी घाबरून हाक मारणार, तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरलात आणि म्हणालात, "हाक नको मारू ग, ध्यान लागलंय नंदूला. लहानपणापासून वाटायचंच मला." (तुमचे यजमान तेव्हा हयात होते. ते कोपऱ्यातून म्हणाले, "ध्यान तर तो आहेच." पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.) मग तुम्ही पेढा यांच्या तोंडात घातलात आणि हे देहभानावर आले. त्या दिवसापासून आमच्या घराला वेगळाच मान आला. सोसायटीच्या देवळात आरतीला यांना पुढे उभं करू लागले. मुलांच्या परीक्षा आल्या की बायका यांच्या पायांवर डोकं ठेवून जात. यांनीही पायजमे पांढरेच शिवून घेतले. आणि मी, वन्सं, चाळीस वर्षं ज्यांची बनियनं धुतली त्यांच्या पाया पडू लागले, ते काही थोडं नाही.

तर आम्ही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, कान पाहिले, रक्तदाब घेतला, यांच्या साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी पाहिली. रंगांचा तक्ता दाखवला, त्यात हे हिरवा म्हणाले तिथे मी पोपटी म्हणाले, तर मला गप्प बसायला सांगितलं. सगळं सुरळीत. शिक्क्याची डबीसुद्धा उघडली, इतकं जवळ आलं होतं. आणि मग तिने ती शेवटची ओळ वाचली.

"काकू, हे ध्यान म्हणजे नक्की काय होतं?"

वन्सं, मला असा आनंद झाला. आजकालच्या डॉक्टर मुली असं काही विचारतात का? मी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. हे जमिनीकडे पाहत बसले होते, बायका पाया पडायला आल्या की बसतात तसे, नम्रपणे. तिने विचारलं, घाम येतो का? म्हटलं, दरदरून, चेहऱ्यावर तेज येतं ते नुसतं पाहावं, सदरा पाठीला चिकटतो. हात थरथरतात? थरथरतात. बोलणं अडखळतं? अडखळतं, आणि चेहरा पांढराफटक पडतो. मी तिला हेही समजावून सांगितलं की हे सगळे सात्त्विक भाव आहेत, कीर्तनकारबुवा सांगतात, घाम, कंप, शब्द अडकणं, रंग उतरणं, आणि यांचे एकूण एक जुळतात. ती माझा शब्दन् शब्द लिहून घेत होती. मला वाटलं, पोर भाविक आहे.

"ठरावीक दिवशीच होतं का?"

"उपासाच्या दिवशीच," मी म्हणाले. "संकष्टी, एकादशी, आणि गुरुवारी कधी कधी. एरवी कधी म्हणजे कधी नाही."

"आणि त्यातून बाहेर कसे येतात?"

"प्रसादाने. अंगारा लावून पाहिला, तीर्थ शिंपडून पाहिलं, नाही उपयोग होत. पेढा, साखरफुटाणे, असा गोडाचाच प्रसाद लागतो. जिभेला लागला की घटकाभरात डोळे उघडतात."

मग तिने उपासाला खातात काय ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी मिठाचं लिंबूपाणी आणि चंद्र दिसला की जेवण. पूर्वी साबुदाणा करायचे, पण त्याने साखर वाढते असं कुठेसं वाचलं आणि तो मीच बंद केला (शिवाय हल्ली त्याचा भाव बघवत नाही). आणि साखरेची गोळी? ती कशी चुकवेन? ती मी स्वतःच्या हाताने सकाळी देते, उपास असो नसो, औषधाने उपास मोडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. शिक्क्याची डबी बंद केली. आणि अगदी शांत आवाजात, जणू मी दुसरीतली आहे, मला सांगितलं, की काकू, गोळी साखर खाली आणते. पोटात काही नसेल तर ती आणते ती आणतेच, इतकी खाली आणते की मेंदूला पुरत नाही. मग माणसाला घाम सुटतो, हात थरथरतात, तो एकटक बघत राहतो आणि त्याला ऐकू येत नाही. पेढा खाल्ला की साखर चढते आणि तो ठीक होतो. याला ध्यान म्हणत नाहीत.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. वन्सं, दवाखान्यातला पंखा फिरत होता एवढंच मला कळत होतं. (घरी आल्यावर आठवलं की आमच्या समोरच्या नूरजहाँभाभींनी मला मागेच विचारलं होतं, "वहिनी, आमच्यात रोजे धरायच्या आधी करीमच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारतात, वेळ बदलून देतो तो. तुमी भाऊंचं विचारलंत काय?" मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, अहो भाभी, करीमभाईंना आजार आहे, यांना ध्यान आहे. ती बिचारी आपल्या घरात गेली. त्या दिवशी शेवया पाठवल्यान, तेवढंच.)

पण हे काहीच नव्हे. पुढचा प्रश्न ऐका. ती म्हणाली, "गाडी चालवताना कधी असं झालंय?"

"छे," हे तत्काळ म्हणाले. इतके तत्काळ की ती माझ्याकडे वळली.

वन्सं, तुम्हाला आठवतंय ना? तुम्हाला देवरुखला सोडायला निघालो होतो, संकष्टी होती, तुम्ही मागे, मी पुढे. चिपळूण मागे पडलं आणि हे गप्प झाले. मी काहीतरी विचारलं, उत्तर नाही. तुम्ही मागून म्हणालात, "बोलू नकोस, लागलंय." आणि आपण दोघी, वन्सं, चालत्या गाडीत, हायवेवर, हात जोडून बसलो. समोरून ट्रक येत होते, ते आपोआप बाजूला होत होते, आणि तुम्ही म्हणालात, बघ, वाट देतायत. संगमेश्वरचा फाटा गेला. मग गाडी हळूहळू डावीकडे सरकत सरकत एका बागेच्या बुटक्या दगडी गडग्याला जाऊन टेकली, जशी कोणी हाताने नेऊन लावावी. तुम्ही डब्यातली खोबऱ्याची वडी यांच्या तोंडात घातलीत. यांनी डोळे मिचकावले आणि विचारलं, हे कुठलं गाव? आपण काय ठरवलं? की या जागी काहीतरी देवस्थान असणार म्हणून गाडी इथे थांबली. आणि नारळ फोडला. तुमच्या मागच्या फोनवरून कळलं की आता त्या गडग्याच्या दगडाला कोणीतरी शेंदूर लावलाय आणि एसटीवाले जाता-येता हॉर्न देतात. ते राहू दे आता. कोणीतरी वाचवलं तर आहेच आपल्याला. फक्त जे वाचवणारं होतं ते गाडीच्या बाहेर होतं, आत कोणी नव्हतं, हे मला त्या दवाखान्याच्या खुर्चीत लक्षात आलं. पाम बीच रोडवर एकदा हे लाल सिग्नलला हसत हसत पुढे गेले होते, तेही त्याच माळेतलं. तेव्हा मागचे लोक जे ओरडत होते ते शिव्या देत होते, हेही मला आत्ता कळलं.

मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. सगळं, गडग्यासकट. हे नुसतं "सुमेधा" म्हणाले. बस, एवढंच. पण चाळीस वर्षांत मला यांनी पूर्ण नावाने हाक फक्त दोनदा मारली आहे आणि पहिली वेळ लग्नात नाव ठेवताना होती.

सही मिळाली नाही. तिने गोळी बदलून दिली, उपास गोळीबरोबर चालणार नाही म्हणून बजावलं, साखर मोजायचं यंत्र घ्यायला सांगितलं आणि काही महिने साखर न घसरता राहिली तर पुन्हा बघू म्हणाली. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. यंत्र सुयशने पुण्याहून पाठवलं. त्याच्या पट्ट्या एकदा वापरल्या की टाकून द्यायच्या असतात, हा दुसरा धक्का. मी एक धुऊन वाळवून पाहिली, यंत्राने घेतली नाही. यांचे उपास मी माझ्या नावावर वर्ग करून घेतले आहेत, कारण देवाकडे थकबाकी नको. म्हणजे आता संकष्ट्या माझ्या दोन-दोन होतात, एक माझी आणि एक यांची, एकाच दिवशी. देव ते कसं धरतो ते तोच जाणे.

काल संकष्टी झाली. मी यांना सकाळी गोळीबरोबर पोटभर भाकरी दिली. संध्याकाळी सोसायटीच्या देवळात आरतीला सगळ्या बायका यांच्याकडे डोळे लावून उभ्या. दुसऱ्या विंगमधली एक आपल्या मुलाच्या प्रवेशपरीक्षेच्या नंबराची चिठ्ठी घेऊन आली होती, यांच्या हातून देवाच्या पायाला लावून घ्यायला. आरती झाली. हे टक्क जागे. सूर चुकला तोही मोठ्याने. प्रसाद वाटायच्या आत यांनी विचारलं, माझ्या चपला कोणी हलवल्या? ती बाई चिठ्ठी पर्समध्ये घालून निघून गेली. घरी येताना लिफ्टमध्ये हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मग आज दुपारी बाल्कनीत. मी तूर निवडत होते. हे बराच वेळ कपड्यांच्या दोरीकडे बघत होते, मला वाटलं पुन्हा साखर घसरली की काय, मी यंत्र आणायला उठणार, तेवढ्यात म्हणाले, "सुमे, म्हणजे मला ध्यान कधी लागतच नव्हतं?"

मी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मग काय लागत होतं मला?"

"भूक," मी म्हणाले.

वन्सं, शब्द तोंडातून निसटला. मला वाटलं हे चिडतील, निदान हसतील. यांनी नुसती मान हलवली आणि आत जाऊन पांढरे पायजमे घडी करून कपाटात वरच्या फळीवर ठेवले. तळोज्याच्या कंपनीत पस्तीस वर्षं कोणी यांना साहेब म्हटलं नाही, आणि निवृत्तीनंतर कुठे लोक वाकून नमस्कार करू लागले होते. तो मानही मी एका ओळीत घालवला, आणि तीसुद्धा चांगल्या अक्षरात. गाडीही गेली, देवही गेला, एकाच दवाखान्यात. सुयश फोनवर म्हणतो, "बाबा, टेन्शन काय घेताय, गाडी भंगारात द्या, फोनवरून टॅक्सी मागवा." यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तेव्हापासून मुलाशी बोलले नाहीत.

आणि आता खरी काळजीची गोष्ट. यांचे कंपनीतले जुने दोस्त बाबासो, कराडकडचे, हल्ली कामोठ्याला असतात, ते गेल्या आठवड्यात चहाला आले. यांनी त्यांना सगळं सांगितलं (देवाचं सोडून, फक्त सहीचं). बाबासो म्हणाले, "अवो नंदूअण्णा, एका सहीसाठी एवढं तोंड पाडून बसलाय व्हय? महाप्याला एक डागदर हाय माझ्या वळकीचा. मानूस बघतबी न्हाई, नुसता कागद बघतो. फॉर्म कोरा घ्या, भरा स्वतःच्या अक्षरात, वहिनींना तरास नको." त्रास. मला त्रास नको म्हणे. मी स्वयंपाकघरातून बशी घेऊन आले ती तशीच उभी राहिले. यांच्या डोळ्यांत किती दिवसांनी चमक आली, वन्सं, आणि त्या चमकेचीच मला भीती वाटली.

येत्या सोमवारी दोघं जाणार आहेत. नवा फॉर्म यांनी आणून गादीखाली ठेवलाय, मी चादर बदलताना पाहिला. सगळीकडे 'नाही' लिहिलंय. लाल-हिरव्या रंगाच्या प्रश्नालासुद्धा.

मी गाडीची किल्ली देव्हाऱ्यात ठेवून पाहिली, कारण हे पारोसे देवाला हात लावत नाहीत. तर दुसऱ्या दिवसापासून हे पहाटेच आंघोळ करायला लागले. भांडून पाहिलं. भांडणात हे म्हणाले, "माझ्या हातून आजवर कोणाला खरचटलंय का?" आणि ते खरंच आहे, तेच तर सगळ्यात भयंकर आहे. नाही खरचटलं कोणाला. आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर शाळेची बस थांबते, वन्सं. पोरं उतरतात आणि इकडे-तिकडे न बघता पळतात. मी रोज खिडकीतून बघते, हल्ली मोजूनच बघते. आणि हे सोमवारी सही घेऊन येतील आणि मंगळवारी हसत हसत गाडी काढतील. गोळी बदलली आहे, उपास बंद आहे, सगळं कबूल. पण एखाद्या दिवशी जेवायला उशीर झाला, एखादी गोळी दोनदा घेतली गेली, तर? डॉक्टरीणबाईंनी थांबायला सांगितलंय, ते काही उगाच नाही.

असो. तुम्हाला कळवावं म्हणून कळवलं. मनाला लावून घेऊ नका. कमरेला लेप लावत जा. मांजराचं कळवा.

आपली आज्ञाधारक
सुमेधा

ता. क. तुम्हाला ठाऊकच आहे, जगात हे दोनच जणांचं ऐकतात, एक तुमचं आणि एक देवाचं. माझा नंबर बाबासोंच्याही नंतर. तेव्हा सोमवारच्या आत यांना एक पत्र टाकता का? (फोन नको, फोनवर तुम्हाला हसू येतं.) पत्र स्पीड पोस्टाने टाका, पैसे मी देईन.

पुन्हा ता. क. पत्रात नुसतं 'गाडी सोड' असं लिहून चालणार नाही. त्याला हे उत्तर लिहितील आणि वाद वाढेल. मी विचार केला आहे. तुम्हाला दृष्टांत झाला, असं लिहा. पहाटेचं लिहा, पहाटेचे जास्त मानतात. गजानन स्वप्नात आले आणि म्हणाले, की नंदूला सांग, मी पाहिलं, पुष्कळ केलंस, आता गाडी हाकता हाकता माझं नाव घेऊ नकोस, घरी बस आणि घे. बस. म्हणजे सहीला जाणं आपोआप राहील. आणि एक वाक्य असंही घाला, की लागत होतं ते सगळंच काही खोटं नव्हतं. हे मात्र नक्की घाला, वन्सं. बाकी विसरलात तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, सरकारी फॉर्मवर खोटं लिहवलं नाही आणि देवाच्या नावावर लिहायला सांगतेस? पण मी खोटं कुठे सांगतेय? तुम्ही रोज दुपारी जेवून आडव्या पडता, त्यात काही ना काही दिसतंच की. आज त्या वेळी जरा गजाननाचा विचार करत झोपा, म्हणजे तेही खरं होईल.

आणखी एक. दृष्टांतात गाडी विकायची आज्ञा होऊ देऊ नका. ती पार्किंगमधून गेली तर हे कशाला पुसतील आणि कुठे जाऊन बसतील? शिवाय मी परवा बाजूच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशी करून आले. तिथला शिवा म्हणून शिकवणारा म्हणाला, काकू, वयाची अट नाही, डॉक्टरची सही लागेल. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, माझ्या साखरेला काही झालेलं नाही. शिक्का मारताना ती पहिल्यांदा हसली. शेवटच्या रिकाम्या ओळीत मी या वेळी काही लिहिलं नाही. शिकायला पंधरा-वीस दिवस लागतात म्हणे, तेव्हा तेवढे दिवस यांना तुमच्याकडे बोलावून घ्या, रेल्वेने. जेवण वेळेवर द्या.

तर देवाच्या तोंडी सगळ्यात शेवटी एवढं घाला, की 'नंदू, गाडी बायकोच्या हाती दे.' पण हे वाक्य देव बोलला असं यांना एकदम पटायचं नाही. तेवढं आपलं अर्धवट जागेपणी, कूस बदलताना कानावर पडलं, असं लिहा.